थंडीतला गोठा : रोजची छोटी सुखं आणि त्यांच्यामागचं काम

गोठेकरी

थंडीत गोठ्यातलं काम वाढतं, हे इथं कुणाला सांगायला नको. या धाग्यावर जरा वेगळं मागतोय. मार्गशीर्ष-पौषात जनावरांमागे राबताना डोळ्यांना, हाताला, कानाला जी सुखं मिळतात ती एकेक लिहा. पण नुसतं 'बरं वाटतं' नको. ते सुख कशानं मिळतं, आदल्या दिवशी त्यासाठी काय करावं लागतं, किती आणि केव्हा, काय चुकलं की ते मिळत नाही, तेही लिहा. माझं मत असं की गोठ्यातलं सुख ही खूण असते. जनावर बरं नसेल तर ते सुख दिसतच नाही. त्यामुळे सुख बघायची सवय लागली की आजारही एक दिवस आधी कळतो.

सुरुवात पाण्यापासून करतो. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, आपल्याकडे ते २५ अंशांच्या आसपास असतं. रात्रभर उघड्या हौदात राहिलेलं पाणी मात्र पहाटेपर्यंत गारठून जातं. गाय त्याचे चार घोट घेते आणि तोंड काढते. एक लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे १५ लिटरच्या गाईला दिवसात ६० ते ७५ लिटर. ते पोटात गेलं नाही की चारा कमी खाल्ला जातो आणि दूध उतरतं. मग लोक पेंड वाढवतात, आणि पाण्याकडे कुणी बघत नाही.

करायचं एवढंच. संध्याकाळचं पाणी पाजून झालं की हौद रिकामा करून घासून ठेवायचा. पहाटे धार सुरू करताना मोटर चालू करायची आणि धार संपली की लगेच जनावरं पाण्यावर सोडायची, कारण धारेनंतर तहान सगळ्यांत जास्त असते. शेतीची लाईट रात्रपाळीची असेल तर रात्री टाकी भरून वरून बारदानाची दोन पदरं टाकून दोरीनं आवळायची, पहाटेपर्यंत पाणी तितकं गारठत नाही. मग बघा: हौदावर वाफ, गाईच्या नाकपुड्या पाण्याच्या अगदी वर, कान प्रत्येक घोटाला मागे-पुढे होतायत आणि घोट मानेतून खाली सरकताना दिसतोय. निम्मं पाणी पिऊन झाल्याशिवाय मान वर येत नाही.

निफाडची_थंडी

आमच्या भागात थंडीच्या लाटेत पारा पाचच्या खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, म्हणून हे ठामपणे लिहितो: धडधाकट मोठी गाय या थंडीला घाबरत नाही. पोटात चारा आंबत असतो, त्याची ऊब तिला पुरते. तिला मारतात दोन गोष्टी, ओलं अंग आणि अंगावर थेट येणारा वारा. हे कळलं की निम्मी धावपळ वाचते.

माझं सुख म्हणजे सकाळी कोरडा पत्रा. ऐकायला विचित्र वाटेल, पण सकाळी सातला पत्र्याखाली हात फिरवा. हाताला पाणी लागलं, किंवा गाईच्या पाठीवर थेंबांचे ठिपके दिसले, तर रात्री गोठा गरजेपेक्षा जास्त बंद केला होता. जनावरांच्या श्वासाची वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन पाठीवर गळते. बंद गोठ्यात मुताचा वासही साठतो. वास बघायचा तर उभं राहून बघू नका, बसलेल्या वासराच्या नाकाएवढं खाली वाका. डोळे चुरचुरले की समजा, वासरू रात्रभर तेच हुंगतंय. थंडीतली वासरांची खोकली बहुतेक वेळा गारठ्यापेक्षा याच हवेनं सुरू होते.

पडदा लावायची रीत : थंडीतला वारा आमच्याकडे उत्तर-ईशान्येकडून येतो, त्या बाजूला जमिनीपासून साडेचार-पाच फूट बारदान. त्याच्यावर छपरापर्यंत किमान दीड फूट मोकळं. समोरची बाजू उघडी. पडदा खाली बांबूला शिवून घ्या, म्हणजे सकाळी साडेआठला गुंडाळून वर बांधता येतो. ऊन आत आलंच पाहिजे. प्लॅस्टिकचा कागद लावू नका, त्यातून हवा जात नाही आणि फडफडीनं जनावर रात्रभर बिचकतं.

पंढरपुरी

पत्र्याची खूण अगदी बरोबर. भर घालतो : पडदे लावायला दिवाळीनंतरची पहिली थंडी येऊ द्या. वसुबारसेपासूनच गोठा बंद करून बसलं की जनावराच्या अंगावर थंडीचे केस नीट येत नाहीत.

चीक

नव्या वासराचं बघा. पेंढ्यात बसलेलं वासरू, पाय पार बुडालेले, वर नुसती पाठ आणि कान. थंडीतलं याच्याइतकं गोड दृश्य नाही, आणि अंथरूण पुरेसं आहे की नाही याची मोजपट्टीही हीच. बसल्यावर पाय दिसत असतील तर पेंढा कमी आहे. खाली चार बोटं कोरडा भुसा, त्याच्यावर वीतभर भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट. ओल तपासायची तर त्यावर अर्धा मिनिट गुडघे टेकून बसा. गुडघा ओला झाला तर वरचा थर बदला. रोज सगळं काढायची गरज नाही. ओला भाग उचलायचा, वर कोरडं टाकायचं. पाचट लांब असेल तर कुट्टी करून टाका, नाहीतर पायात गुंततं.

दुसरी खूण. वासराला उठवा. बरं असलेलं वासरू उठल्या उठल्या पाठ वाकवून, शेपूट उचलून आळस देतं. हा आळस दिसला की माझा दिवस चांगला. ज्या दिवशी ते पाठीची कमान करून तसंच उभं राहतं आणि कान पडलेले असतात, त्या दिवशी लगेच थर्मामीटर. वासराला १०१.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३.५ च्या वर गेलं तर डॉक्टर, आणि १०० च्या खाली गेलं तर त्याहून घाईनं डॉक्टर.

हे सगळं पहिल्या दिवसाच्या चिकावर उभं आहे. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. जार पडायची वाट बघत थांबू नका. त्या चिकातून मिळणारी रोगाशी लढायची ताकद आतड्यातून रक्तात जाण्याची वाट चोवीस तासांत बंद होते. नंतर बादलीभर पाजला तरी पोट भरेल, पण ती ताकद मिळणार नाही. नाळ दोन-अडीच इंच ठेवून टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवायची, नुसतं वरून पुसायचं नाही.

लसूणघास

@चीक ताई, वासराला घोंगडीचा झूल घालतात त्याबद्दल? पारा दहाच्या खाली गेला की घालावा का?

चीक

घालावा, तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला तर नक्की. बारदानाचं पोतं उसवून दुहेरी करा, आतून जुन्या घोंगडीचा तुकडा शिवा. मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत खाली. छातीला एक पट्टा, पोटाला एक. पट्ट्याखाली आडवा हात सहज जायला हवा. सुतळी वापरू नका, कापते. जुन्या धोतराची किंवा साडीची चार बोटं रुंद पट्टी बरी.

घालण्याआधी वासरू कोरडं पाहिजे, ओल्या अंगावर झूल घातला तर उलटा गारठा बसतो. सकाळी ऊन आलं की काढायचा, उन्हात उलटा करून वाळवायचा, संध्याकाळी परत. काढताना आत हात घाला. घाम लागला तर रात्री झुलाची गरज नव्हती. आणि झुलापेक्षाही दुधाचा उपयोग मोठा : कडक थंडीत रोजच्या दुधात अर्धा ते एक लिटर वाढवा, शक्यतो रात्री उशिराचं एक पाजणं देऊन. दूध ३८-३९ अंश, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल असं. गार दुधानं वासराची ऊब ते दूध तापवण्यातच जाते.

गोठेकरी

वा, हेच हवं होतं. आता धारेवर कुणीतरी लिहा.

पान्हा

धारेवर मी लिहितो.

गारठलेल्या बोटांना कोमट पाण्याची बादली म्हणजे पहाटेचं पहिलं सुख, आणि ते गाईच्या कामाचं आहे. गार हात सडाला लागला की गाय अंग चोरते, पान्हा वर ओढते. कोमट पाण्यानं आधी आपले हात, मग सड. पूर्ण कास धुऊ नका थंडीत. कासेवरचं पाणी ओघळून सडाच्या टोकाशी येतं आणि घाण तिथंच जमते. फक्त सड धुवा, प्रत्येक गाईला वेगळ्या कोरड्या कापडानं पुसा. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत किंवा काळ्या फरशीच्या तुकड्यावर बघा, गाठी-पाणी दिसलं तर कासदाह सुरू झालाय. जमिनीवर मारू नका, तेच जंतू पायाला लागून दुसरीकडे जातात.

सड हाताळल्यापासून मिनिट-दीड मिनिटात पान्हा सुटतो आणि त्याचा जोर सहा-सात मिनिटं टिकतो. त्यात धार संपली पाहिजे. मध्ये फोन आला, कुणी ओरडलं, कुत्रं भुंकलं की गाय घाबरते आणि उरलेलं दूध कासेतच राहतं. मुठीनं पिळा, अंगठा मुडपून नको. अंगठ्यानं सड आतून दुखावतो, आणि थंडीत आधीच कातडी कोरडी असते. बादलीत फेस धरून धार पडायला लागली की आवाज बदलतो, टणटण जाऊन खोल 'घुम्म घुम्म' येतो. पान्हा पुरा सुटल्याची कानाला मिळणारी ही पावती.

धारेनंतर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. सड बुडवायचं द्रावण घेताना ग्लिसरीन असलेलंच घ्या, थंडीत सडाला चिरा पडत नाहीत. धार काढताना तेल, लोणी, दूध बोटाला लावायची सवय मोडा. ओल्या हातानं पिळलं की घाण सडाच्या भोकाशी जाते. चिरा पडल्या असतील तर मलम धारेनंतर, आणि पुढच्या धारेआधी पुसून काढायचं. धार झाली की गव्हाणीत ताजा चारा टाका. सडाचं तोंड बंद व्हायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गाय उभी राहायला हवी.

कडबाकुट्टी

@पान्हा, म्हशीला हे सगळं सांगा, ती पारडू बघितल्याशिवाय ऐकत नाही.

पण थंडी म्हणजे म्हशीचा हंगाम, हे विसरू नका. म्हैस थंडीतच जास्त माजावर येते, आणि तिचा माज बहुतेक मुका असतो. ओरडत नाही, उड्या मारत नाही. म्हणून पहाटे पाचची आणि रात्री नऊ-दहाची फेरी. दिवसा बघून माज सापडत नाही. खूण बारीक : मायांगातून काचेसारखा स्वच्छ, तुटता न तुटणारा सोट, कधी शेपटीला किंवा मागच्या पायाला चिकटून सुकलेला. थोडं थोडं वारंवार मुतणं. सड नेहमीपेक्षा ताठ. आंबोणाकडे, म्हणजे भिजवलेल्या खुराकाकडे, थोडं दुर्लक्ष. पहाटे दिसलं तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख भिंतीवर खडूनं लिहा आणि १९ व्या दिवसापासून २३ व्या दिवसापर्यंत परत नीट बघा.

फेरीत बॅटरीच्या उजेडात तो सोट दिसणं, याहून मोठं सुख म्हैसवाल्याला कुठलं? दहा महिन्यांनी पारडू होणार असतं.

खुराडं

कोंबड्या विसरू नका मंडळी.

दुपारी अकरा-बाराला ऊन चढलं की कोंबड्या मातीत लोळायला बसतात. एक पंख पसरून, चोचीनं माती अंगावर ओढत, डोळे अर्धे मिटून. धुळवड संपली की उठून अंग झाडतात आणि धुरळा उडतो. थंडीत रात्री एकमेकींना चिकटून बसल्यानं उवा-पिसवा वाढतात, त्यांचा हाच उपाय. दोन फूट बाय दोन फूट चौकट, वीतभर खोल. निम्मी बारीक कोरडी माती, बाकी वाळू आणि चाळलेली लाकडाची राख. राख फक्त लाकडाची घ्या, प्लॅस्टिक-कचरा जाळलेली नको. डझनभर कोंबड्यांना एक चौकट पुरते. जागा उन्हाची आणि पाण्याच्या भांड्यापासून लांब. एकदा ओली झाली की दगड होतो.

अंडी थंडीत कमी होतात ती गारठ्यापेक्षा उजेडानं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा, आणि अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. बल्ब पहाटे लावा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी एकदम बल्ब विझवला की त्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत, जमिनीवरच गारठतात. पहाटे लावला की दिवस आपोआप उजाडत जातो. एकदम चार तास नको, आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवा. पिसं गाळत असलेल्या कोंबडीला मात्र विश्रांती घेऊ द्या.

पिलांच्या बाबतीत थर्मामीटरपेक्षा पिलांची मांडणी बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट म्हणजे थंडी. कडेला पळून चोच उघडी म्हणजे उकाडा. एकाच बाजूला गर्दी म्हणजे दुसरीकडून वारा येतोय. सगळ्या रिंगणात विखुरलेली, काही खातायत, काही पाय पसरून झोपलीत, बारीक गुणगुण चालू आहे : हे जमलं की रात्रीची झोप लागते. पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाचनं कमी. थंडीत पिलामागे दोन वॅट धरा, आणि बल्ब जुना पिवळा तारेचाच. एलईडी उजेड देतो, ऊब नाही.

शेळीवाली

करडांचं मी सांगते. आठवडाभराची करडं सकाळी उन्हात सोडली की चारही पाय एकदम उचलून आडव्या उड्या मारतात, दगडावर, कुट्टीच्या ढिगावर, आईच्या पाठीवर. त्यांना उडी मारायला काहीतरी ठेवाच. सपाट, कोरड्या जागी दोन लाकडी खोकी, एक पालथं टोपलं. पाय, खूर तयार होतात आणि आपली करमणूक.

पण उडी न मारणारं करडू लगेच उचलायचं. तोंडात करंगळी घाला. तोंड गरम आणि चोखायला लागलं तर ठीक. तोंड गार असेल तर करडू गारठलंय. इथं एक चूक सगळीकडे होते : गार तोंडाच्या करडाला घाईघाईनं दूध ओततात. त्याला नीट गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं. गेलं नाही तरी पोटात पचत नाही. आधी ऊब. कोरडं पुसा, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा, वर घोंगडी. मान धरायला लागलं, तोंड गरम झालं, चोखायला लागलं, मग चीक. किलोमागे ५० मिली एका वेळी, म्हणजे दोन किलोच्या करडाला १०० मिली. तासाभरात मान धरली नाही तर डॉक्टरांकडे, घरी आणखी प्रयोग नको.

रात्री डालग्याखाली करडं ठेवताना सहा-सातच्या वर नको. थंडीत एकावर एक चढतात आणि खालचं गुदमरतं. फळ्यांच्या मचाणाच्या गोठ्यात खालच्या फटींतून वारा येतो, तेव्हा करडांच्या कोपऱ्यात पोतं आणि त्यावर पेंढा. आणि बल्ब लावलात तर वायर शेळीच्या तोंडाला लागणार नाही अशी. उस्मानाबादी मागच्या पायावर उभी राहिली की किती उंच पोचते ते ठाऊक आहेच.

वाघर

मेंढरांच्या बाबतीत एकच सांगायचं : दहिवर सुकल्याशिवाय चरायला काढू नका. गवताच्या ओल्या पात्यावर जंताच्या अळ्या चढून बसतात, ऊन लागलं की खाली उतरतात. शिवाय ओलं कोवळं पोटभर खाल्लं की फुगतात. नऊ-साडेनऊपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात कोकरं पाजून होतात, पायाचे काटे बघून होतात.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे सरकतात ते चारापाण्यासाठी, पण कोकरांनाही तिकडची ऊब मानवते. शेतात मेंढरं बसवायची तर रोज जागा बदला, म्हणजे कोरडी जमीन मिळते आणि शेतालाही सारखं खत पडतं. लोकर कातरायची घाई पौषात करू नका.

मेंढरं सकाळी रवंथ करत वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेली असतात तेव्हा सगळ्या कळपाचा एकच बारीक आवाज येतो, नीट कान दिला तर. त्या आवाजात एखादं खोकणारं लगेच वेगळं काढता येतं.

लसूणघास

रवंथाचा विषय निघालाच आहे तर. गाय बसलीय, डोळे जड झालेत, मानेतून घास वर आला, तिथपासून गिळेपर्यंत किती वेळा चावते ते मोजा. ५० ते ६० आलं तर पोट छान चाललंय. ४० च्या खाली सतत येत असेल तर चाऱ्यात काडी कमी पडतेय. खाऊन बसलेल्या दहा गाईंतल्या निदान सहा रवंथ करताना दिसायला हव्यात.

थंडीत हे का बिघडतं? हिरवं मुबलक असतं म्हणून. बरसीम, लसूणघास, मटारचे वेल, कोबीचा पाला, उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला), सगळं एकदम दारात. बरसीममध्ये पाणीच जास्त, शेण पातळ होतं. शेण पडल्यावर दोन बोटं उंच, वर वळ्या आणि मध्ये खळगी, असं दिसलं पाहिजे. फरशीवर पसरलं तर कडबा वाढवा, डोंगर होऊन राहिलं तर हिरवं आणि पाणी कमी पडतंय. लसूणघास, बरसीम कापून लगेच टाकू नका. आदल्या दुपारी कापा, तीन-चार तास सुकू द्या, आधी कडब्याची कुट्टी खाऊ घाला, मग घास. डावी कूस ढोलासारखी वाजायला लागली तर पोटफुगी. डॉक्टर येईपर्यंत गाय उभी ठेवा, पुढचे पाय उंचावर, आणि पाजायचं झालं तर मान वर न ओढता हळू. नाकातून काहीही ओतू नका.

उसाच्या वाढ्याबद्दल नीट लक्ष द्या. कारखाने सुरू झाले की तोडीच्या फडावर वाढं स्वस्तात मिळतं आणि दोन महिने तेवढ्यावरच जनावर ठेवतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. दुभत्या गाईला दिवसाला दहा-बारा किलोच्या वर नको, तेही कुट्टी करून दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, सोबत रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. नाहीतर व्यायल्यावर गाय बसते.

निफाडची_थंडी

@लसूणघास, कांद्याचंही लिहा. चाळीतला सडका कांदा उकिरड्यावर टाकतात आणि गाई तो खातात. कांद्यानं गाईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते, डोळ्यांच्या आतली पापणी पांढरी पडते. शेळ्या-मेंढ्यांना गाईपेक्षा जास्त चालतो, म्हणून लोकांना वाटतं गाईलाही चालेल. नाही चालत. बागेतला फवारलेला पालाही नको.

पंढरपुरी

आणि हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे कापलेल्या बुडख्याला आलेले कोवळे फुटवे. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते ती त्यांनीच. गुडघ्याएवढी, पाणी न मिळालेली, पोपटी ज्वारी अजिबात नको. पोटात गेल्यावर काही मिनिटांतच जनावर धापा टाकत आडवं होतं. कणसं काढून घेतलेली पक्की धाटं कापून सुकवून दिलीत तर तोच उत्तम कडबा. मालदांडी ज्वारीच्या ताज्या कडब्याचा गोड वास आणि तो मोडताना होणारा कडकड आवाज, गाय लांबूनच मान वळवते.

कडबाकुट्टी

खरारा! कुणी लिहिलाच नाही.

दुपारी बारा ते दोन, ऊन अंगावर असताना, एका जनावराला पाच-सात मिनिटं. आधी मानेपासून मागे केसांच्या दिशेनं, मग वशिंडाच्या मागे, शेपटीच्या बुडाशी, शेवटी गळ्याखालची पोळी. पोळीला हात लागला की गाय मान लांब करते, हनुवटी आपल्या खांद्यावर टाकते, कान बाजूला सैल पडतात, खालचा ओठ लोंबतो. खराऱ्यानं मेलेले केस निघतात आणि खाली काय आहे ते हाताला लागतं. काखेत, कासेच्या वरच्या घडीत गोचीड. म्हशीच्या पाठीवर, कानामागे उवा, थंडीत त्या हमखास वाढतात. उवांचं औषध डॉक्टरांकडून घ्या, मात्रा जनावराच्या वजनावर, आणि १४-१५ दिवसांनी परत, कारण लिखा पहिल्या औषधानं मरत नाहीत. म्हैस धुवायची तर याच वेळेत, आणि उन्हं कलायच्या आत पूर्ण वाळली पाहिजे.

माळरान

एक शंका. गोठ्यात रात्री शेकोटी ठेवावी का? आमच्याकडे कडुनिंबाचा पाला टाकून धुरी करतात, डास जातात.

पान्हा

माळरान भाऊ, धुरी संध्याकाळी, गोठ्याबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पंधरा-वीस मिनिटं, आणि सगळे पडदे वर असताना. एवढं चालतं. रात्रभर आत शेकोटी नको. वर सांगितलंय तसं गाईला थंडीत वेगळी ऊब नको असते, कोरडी जागा हवी असते. धुरानं वासराचं फुप्फुस बिघडतं, आणि खाली पेंढा, वर बारदान, मध्ये बांधलेलं जनावर. एक ठिणगी पुरते. दावं एका ओढीत सुटेल अशी सरकगाठ मारायची सवय ठेवा आणि गोठ्याच्या दाराशी कोयता टांगून ठेवा.

शेकोटी माणसांना करा, गोठ्यापासून वीस पावलांवर.

गोठेकरी

@माळरान, गोठ्यालगत गोबरगॅस असेल तर त्याच्यासाठी मात्र ऊन साठवा. थंडीत गॅस कमी येतो कारण २० अंशांच्या खाली टाकीतले जंतू मंदावतात. शेणकाला सकाळी गार पाण्यात कालवू नका. काळ्या ड्रममध्ये पाणी दिवसभर उन्हात तापू द्या आणि दुपारी तीनला, शेण एक भाग पाणी एक भाग, त्यात कालवून सोडा. डोमवर पाचटाचा जाड थर टाका.

विरजण

दुधाचं मी बघते. थंडीत म्हशीच्या दुधाला साय जाड येते आणि तिथंच लोक फसतात : दही लागत नाही, लोणी वर येत नाही. दूध बोट सहन होईल इतकं कोमट, उन्हाळ्याच्या दीडपट विरजण, भांडं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला, आठ-दहा तास हलवायचं नाही. घुसळताना लोणी बारीक कणांतच राहिलं तर ताक जास्त गार आहे. पेलाभर कोमट पाणी कडेनं सोडा, दोन मिनिटांत गोळा होतं. गरम ओतलंत तर लोणी वितळून ताकात मिसळतं आणि मग काही हाती लागत नाही.

खरवस : वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा. पहिल्या धारेचा चीक फार दाट, एक वाटीला दोन-तीन वाट्या दूध. दुसऱ्या दिवशीच्याला एकास एक. गूळ विरघळवून गाळून घ्या, वेलदोडा-जायफळ, वाफेवर वीस मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला. जास्तीचा चीक बाटलीत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, वर तारीख लिहा. पुढच्या वेळी एखादी गाय चीक न देता बसली तर तोच वासराला वाचवतो. वितळवताना ५० अंशांपेक्षा गरम पाणी नको, चीक फाटतो.

माळरान

पान्हा दादा, विरजण ताई, आभार. अजून एक : व्यायलेली गाय थंडीत बसली आणि कान गार लागले तर ते थंडीचं की कॅल्शियमचं, कसं ओळखायचं?

पान्हा

कानाचं टोक पकडू नका, ते थंडीत सगळ्यांचंच गार असतं. कानाचं बूड, जिथं तो डोक्याला मिळतो, तिथं मूठ धरा. बूडही गार असेल, मान कुशीकडे वळवून बसली असेल, नाकाड कोरडं, शेण बंद, आणि व्यायल्याला तीन दिवस झाले नसतील तर कॅल्शियमच. लगेच डॉक्टर. शिरेतून कॅल्शियम घरी कुणी सोडू नका, जोरात गेलं तर हृदय थांबतं. तोवर तिला छातीवर नीट बसवा, दोन्ही बाजूंनी पेंढ्याच्या पेंढ्या लावा म्हणजे आडवी पडणार नाही. तोंडातून काही पाजू नका. औषध लागू पडलं की आधी अंगावर थरथर येते, मग ढेकर, मग शेण पडतं. नाकाडावर घामाचे बारीक थेंब परत दिसले की ती उठायला लागते. त्या दिवशी कास पूर्ण पिळून रिकामी करू नका, वासरापुरतंच दूध काढा.